वॉलेस सॅबाइन: गाद्या उचलून खोलीचा आवाज मोजणारा माणूस, आणि आपल्या स्पीकरमधलं रूम करेक्शन

आजकाल चांगला ॲक्टिव्ह स्पीकर किंवा स्मार्ट स्पीकर घेतला की सेटअप करताना एक पायरी हमखास येते. ॲप माइक वापरायची परवानगी मागतं, स्पीकरमधून खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत जाणारा एक विचित्र आवाज येतो, आणि मग स्क्रीनवर मेसेज येतो की तुमच्या खोलीनुसार आवाज ट्यून झाला. यालाच रूम करेक्शन म्हणतात. आपण ओके दाबतो आणि गाणं लावतो.

पण त्या काही सेकंदांत नक्की मोजलं काय गेलं? आवाज स्पीकरचा असतो, मग त्यात खोलीचा काय संबंध? आणि एक सॉफ्टवेअर खरंच खोली दुरुस्त करू शकतं का? या प्रश्नांची उत्तरं शोधताना मी फिल्टर आणि डीएसपीच्या माहितीत बराच फिरलो, पण शेवटी पोहोचलो एका अशा माणसापाशी, ज्याच्या काळात लाउडस्पीकर घरोघरी सोडाच, नीट अस्तित्वातही नव्हता. त्याचं नाव वॉलेस क्लेमेंट सॅबाइन. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला फिजिक्स शिकलेल्या अनेकांना सॅबाइनचा फॉर्म्युला आठवत असेल. परीक्षेपुरता पाठ केला आणि विसरलो, असंच बहुतेकांचं होतं. पण त्या एका ओळीच्या फॉर्म्युलामागे काही वर्षांच्या जागरणाची गोष्ट आहे. आज तीच सांगतो, आणि जाता जाता आपल्या खोलीचं गणितही करू.

ओहायोचा हुशार मुलगा

सॅबाइनचा जन्म १३ जून १८६८ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, रिचवूड नावाच्या लहान गावात झाला. आई ॲना मुलांच्या शिक्षणाबाबत फार आग्रही होती. मुलगाही तसाच निघाला. वयाच्या अठराव्या वर्षी, १८८६ मध्ये, तो ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतून पदवीधर झाला आणि पुढे शिकायला हार्वर्डला गेला. १८८८ मध्ये तिथली मास्टर्स डिग्री घेतली आणि तिथेच फिजिक्स शिकवायला लागला.

गंमत म्हणजे या माणसाने पीएचडी कधी केलीच नाही. शांत स्वभाव, प्रसिद्धीची हौस नाही, आणि अर्धवट निष्कर्ष छापायला साफ नकार. त्याच्या या शेवटच्या सवयीने त्याच्या वरिष्ठांना पुढे चांगलंच जेरीस आणलं.

एक नवाकोरा पण निकामी हॉल

१८९५ मध्ये हार्वर्डच्या आवारात फॉग आर्ट म्युझियमची नवी इमारत उभी राहिली. आर्किटेक्ट होता रिचर्ड मॉरिस हंट, त्या काळातलं मोठं नाव. इमारतीत एक लेक्चर हॉल होता, दिसायला झकास. अडचण एकच होती. तिथे बोललेलं कुणालाच कळत नव्हतं.

कारण साधं होतं. वक्त्याने एक शब्द उच्चारला की तो साडेपाच सेकंदांच्या आसपास हॉलमध्ये घुमत राहायचा. तेवढ्या वेळात माणूस पुढचे बारा-पंधरा शब्द बोलून मोकळा होतो. म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानावर एका वेळी डझनभर शब्दांचा काला यायचा. रिकाम्या फ्लॅटमध्ये, सामान यायच्या आधी, तुम्ही कधी फोनवर बोलला असाल तर हा अनुभव तुम्हाला थोडाफार आला असेल.

हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी फिजिक्स विभागाला हा हॉल सुधारायला सांगितलं. ज्येष्ठ मंडळींना हे काम होण्यासारखं वाटत नव्हतं. शेवटी ते २७ वर्षांच्या सॅबाइनच्या गळ्यात पडलं. त्याने तोवर ध्वनिशास्त्रात काहीच काम केलेलं नव्हतं.

त्या वेळी हॉलच्या आवाजावर उपाय म्हणून काय चालायचं हे ऐकलं तर हसू येईल. छताखाली तारा ताणून बांधल्या की घुमणं कमी होतं, असा एक लोकप्रिय समज होता. लांबी, रुंदी आणि उंचीचं अमुक प्रमाण ठेवलं की आवाज आपोआप चांगला येतो, असं दुसऱ्या काहींचं मत. सॅबाइनने तपासून सांगितलं की तारांचा काही उपयोग नाही. आज भिंतीवर अंड्याचे ट्रे चिकटवून खोली साउंडप्रूफ केल्याचे व्हिडिओ फिरतात ना, तो याच जातीचा प्रकार आहे. ट्रेमुळे वरच्या पट्टीत थोडा फरक पडतो, पण बास जिथल्या तिथेच राहतो आणि शेजाऱ्यांनाही पूर्वीसारखंच ऐकू येतं.

रात्री बारानंतरची प्रयोगशाळा

सॅबाइनकडे माइक नव्हता, लॅपटॉप नव्हता, आवाजाची पातळी दाखवणारं कुठलंही उपकरण नव्हतं. त्याच्याकडे होती ऑर्गनची एक नळी, वेळ नोंदवणारं एक यंत्र आणि स्वतःचे कान. नळीतून ५१२ हर्ट्‌झचा स्थिर सूर वाजवायचा, तो झटकन बंद करायचा, आणि घुमणारा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ नोंदवायचा. बस, एवढंच.

हे काम दिवसा करणं शक्य नव्हतं. विद्यार्थी, घोडागाड्या, ट्राम, सगळ्यांचा गोंगाट. म्हणून सॅबाइन मध्यरात्रीनंतर कामाला लागायचा आणि पहाटेपर्यंत मोजत बसायचा.

मोजण्यासाठी काहीतरी बदलून बघायला हवं होतं. हार्वर्डमध्येच सँडर्स थिएटर नावाचं दुसरं सभागृह होतं, फॉगपेक्षा मोठं, आणि तिथला आवाज उत्तम मानला जायचा. तिथल्या बाकांवर गाद्या होत्या. सॅबाइन मदतनीसांना घेऊन रात्री त्या गाद्या उचलून फॉगमध्ये आणायचा, थोड्या अंथरायचा, मोजायचा, आणखी अंथरायचा, पुन्हा मोजायचा. सकाळी सँडर्समध्ये कार्यक्रम असू शकतो, म्हणून उजाडायच्या आत सगळ्या गाद्या परत जागेवर! असं एकदा नाही, कितीतरी रात्री.

निकाल स्पष्ट दिसत होता. रिकाम्या हॉलमध्ये आवाज साडेपाच सेकंदांहून थोडा जास्त टिकत होता. जितक्या जास्त गाद्या, तितका वेळ कमी. बाकं, मधल्या वाटा, व्यासपीठ, मागची भिंत, सगळं गाद्यांनी भरलं तेव्हा हाच वेळ एका सेकंदाच्या थोडाच वर उरला. म्हणजे हॉल तोच, छत तेच, फक्त गाद्या वाढवल्या, आणि खोलीचा स्वभाव बदलला.

तीन हजार नोंदी कचऱ्यात

मला सॅबाइनच्या आयुष्यातला सर्वांत जास्त आवडणारा भाग हा आहे. प्रयोग चालू असताना त्याच्या लक्षात आलं की काही आकडे किंचित इकडेतिकडे होतायत. कारण शोधता शोधता तो स्वतःच्या कपड्यांपाशी येऊन थांबला. अंगावरचे कपडेसुद्धा आवाज शोषतात, आणि रोज कपडे वेगळे असले तर मोजमापही वेगळं येतं.

फरक अगदी थोडा होता. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चालतंय की. सॅबाइनने तीन हजारांहून जास्त नोंदी बाद केल्या. त्यानंतर तो प्रयोगाला कायम एकाच वेशात बसू लागला. निळा हिवाळी कोट, जाकीट, हिवाळी पँट, उंच बूट, ठरलेले म्हणजे ठरलेले. पुढे छापलेल्या लेखात त्याने आपल्या पोशाखाचीही नोंद केली.

आज आपल्याला फोनवर मोजमाप दहा सेकंदांत मिळतं, त्यामुळे हे वेडेपण वाटू शकतं. पण रूम करेक्शन करताना हीच शिस्त लागते. पंखा चालू ठेवून, हातात फोन धरून, खोलीत तिघं बसलेले असताना मोजलं आणि रात्री एकटे ऐकायला बसलो, तर मोजलेली खोली वेगळी आणि ऐकायची खोली वेगळी होते.

हायपरबोला सापडला

दोन वर्षं उलटली तरी सॅबाइन मोजतच होता. एलियट यांचा धीर सुटला. हॉल वापरण्यालायक करायला लागेल तेवढी माहिती आता जमली आहे, असं त्यांनी बजावलं. मग फॉगच्या भिंतींवर केसांच्या नमद्याचे जाड थर लावले गेले आणि १८९८ मध्ये तो हॉल कामापुरता वापरात आला. उत्कृष्ट नाही, पण वक्त्याचं बोलणं कळू लागलं.

त्याच सुमारास बोस्टनमध्ये नवा संगीत हॉल बांधायचं घाटत होतं. खर्चाचा भार उचलणारे हेन्री ली हिगिन्सन यांना एलियटनी सॅबाइनचं नाव सुचवलं. सॅबाइन आधी कचरला. त्याच्याकडे आकडे ढीगभर होते, पण न बांधलेल्या हॉलबद्दल आधीच सांगता येईल असा नियम नव्हता. तो घरी बसून जुन्या नोंदी पुन्हा चाळू लागला.

२९ ऑक्टोबर १८९८ च्या संध्याकाळी कोडं सुटलं. गाद्यांची लांबी आणि आवाज टिकण्याचा वेळ यांचा आलेख म्हणजे हायपरबोला होता. तो आनंदाने ओरडून आईला हे सांगत सुटला, असं त्याच्याबद्दल नेहमी सांगतात.

हायपरबोला म्हणजे काय, हे आपल्या भाषेत सांगतो. दोन आकड्यांचा गुणाकार कायम तेवढाच राहतो, एक वाढला की दुसरा त्याच प्रमाणात घटतो. जसं ठरलेलं अंतर कापताना वेग दुप्पट केला की वेळ निम्मा होतो. इथेही तसंच. खोलीतलं एकूण शोषण, म्हणजे भिंतीबिंतींचं मूळचं शोषण अधिक गाद्यांचं, गुणिले आवाज टिकण्याचा वेळ, हा गुणाकार स्थिर. आणि तो किती, हे खोलीच्या घनफळावर ठरतं.

आज हा नियम असा लिहितात: वेळ बरोबर ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण. घनफळ घनमीटरमध्ये, शोषण चौरस मीटरमध्ये. शोषणाचं एकक सॅबाइनने फार सुंदर निवडलं होतं. उघडी खिडकी! खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे पूर्ण शोषणाचं एक एकक. बाकी सगळ्या वस्तू किती खिडकीइतक्या, असं मोजायचं. पुढे या एककाला त्याचंच नाव मिळालं, सॅबिन.

आणि वेळ कुठपर्यंत मोजायचा? सॅबाइनचा सूर ऐकू येण्याच्या किमान पातळीपेक्षा साधारण दहा लाख पट तीव्र होता. दहा लाख पट म्हणजे ६० डेसिबल. म्हणून आजही आवाज ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ म्हणजे रिव्हर्बरेशन टाइम, अशी व्याख्या आहे. तुमच्या ॲपमध्ये आरटी ६० असं दिसतं ना, त्यातले ६० इथून आले.

आता आपल्या खोलीचं गणित

समजा खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच आहे. घनफळ ३६ घनमीटर. त्याला ०.१६१ ने गुणलं की ५.८ येतात. भिंती, छत आणि फरशी मिळून पृष्ठभाग ६६ चौरस मीटर. आपल्याकडची घरं म्हणजे प्लास्टर केलेल्या भिंती आणि खाली गुळगुळीत टाइल्स. असे पृष्ठभाग फार तर दोन-तीन टक्के आवाज शोषतात. तीन टक्के धरले तर शोषण जेमतेम २ एकक. ५.८ भागिले २, म्हणजे जवळपास ३ सेकंद. एवढ्याशा खोलीत!

हाच वेळ अर्ध्या सेकंदावर आणायचा असेल तर एकूण शोषण साधारण ११.६ एकक लागेल. म्हणजे आणखी साडेनऊ-दहा चौरस मीटर उघड्या खिडकीइतका मऊपणा हवा. पलंगावरची गादी, कापडी सोफा, जाड चुण्यांचे पडदे, सतरंजी, कपड्यांचं उघडं कपाट आणि स्वतः तुम्ही, हे सगळं मिळून तिथपर्यंत बऱ्यापैकी पोहोचता येतं. यात एकही गॅजेट नाही, हे लक्षात घ्या.

बोस्टनचा हॉल

नियम हातात आल्यावर सॅबाइनने बोस्टनचं काम घेतलं. आर्किटेक्ट मॅकिम, मीड अँड व्हाइट. नमुना म्हणून समोर होता जर्मनीतल्या लाइपझिगचा गेवांडहाउस हॉल, पण बोस्टनला त्यापेक्षा बरेच जास्त लोक बसवायचे होते. सरळ सगळी मापं वाढवली असती तर आवाज टिकण्याचा वेळ तीन सेकंदांवर गेला असता, हे सॅबाइनने बांधकामाआधीच कागदावर दाखवून दिलं. मग मापं आणि रचना बदलली आणि प्रेक्षकांनी भरलेल्या हॉलसाठी २.३१ सेकंदांचा हिशेब बसवला.

१५ ऑक्टोबर १९०० रोजी सिंफनी हॉल सुरू झाला. आधी विज्ञानाने आवाजाचा हिशेब केला आणि मग तसा हॉल बांधला, असं जगात पहिल्यांदाच होत होतं. सुरुवातीला काही संगीत समीक्षकांनी नाकं मुरडली. आज मात्र व्हिएन्नाचा म्युझिकफेराइन, ॲमस्टरडॅमचा कॉन्सर्टखेबाउ आणि बोस्टनचा हा हॉल, अशी तीन नावं जगातल्या सर्वोत्तम हॉलमध्ये एका दमात घेतली जातात. त्याच वर्षी सॅबाइनचं लग्न झालं. पत्नी जेन केली स्वतः डॉक्टर होती. पुढे त्यांना दोन मुली झाल्या.

चांगला आवाज म्हणजे नेमका किती?

१९०२ मध्ये सॅबाइनने घरच्या श्रोत्यांसाठी फार महत्त्वाचा एक प्रयोग केला. बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरी या संगीतशाळेत पियानोच्या लहान खोल्या होत्या. त्यातल्या पाच खोल्यांत संगीतकारांना बसवलं, पियानो वाजवला, आणि गाद्या कमीजास्त करत कधी सर्वांत छान वाटतं ते विचारलं. मोजमाप नंतर केलं. पाचही खोल्यांचे आकडे ०.९५ ते १.१६ सेकंदांच्या मध्ये आले, सरासरी १.०८.

म्हणजे कलाकारांची आवडसुद्धा मोजता येते आणि ती बऱ्यापैकी जुळते. आज रूम करेक्शनच्या ॲपमध्ये टार्गेट कर्व्ह नावाची रेघ असते, म्हणजे आवाज कसा असावा याचा आदर्श. श्रोत्यांना बसवून त्यांची पसंती आकड्यात पकडायची, ही तिची कल्पना सॅबाइनच्या या पाच खोल्यांत आधीच दिसते. स्पीकरवरच्या रेकॉर्डिंगमध्ये मूळ जागेचं घुमणं आधीच आलेलं असतं, म्हणून आपल्या खोलीचं घुमणं पियानोच्या खोलीपेक्षा बरंच कमी हवं, एवढा फरक लक्षात ठेवा.

खोलीचा नकाशा, आणि फिल्टर कुठे कामाला येतो

सॅबाइनने आणखी एक गोष्ट करून ठेवली. एका बंद खोलीत स्थिर सूर वाजवून त्याने ठिकठिकाणची तीव्रता मोजली आणि नकाशा काढला. डोंगर-दऱ्यांच्या नकाशासारखाच तो दिसतो. एका जागी आवाजाचं शिखर, थोडं सरकलं की दरी. भिंतींवरून परतलेल्या लाटा कुठे एकमेकींना मिळतात, कुठे एकमेकींना खोडतात.

घरातल्या बासची सगळी रड याच नकाशात आहे. मघाच्या ४ बाय ३ बाय ३ च्या खोलीत लांबीमुळे सुमारे ४३ हर्ट्‌झला एक शिखर तयार होतं. रुंदीमुळे ५७ हर्ट्‌झला दुसरं. उंचीही ३ मीटरच, म्हणून ५७ वरच तिसरं येऊन बसतं. दोन शिखरं एकावर एक. मग तबल्याचा डग्गा असो की डीजेचा बास, त्या पट्टीत सगळं सारखंच घुमतं.

माझ्या खोलीची मापं हीच आहेत, म्हणून हे उदाहरण घेतलं. दोन छोटे ॲक्टिव्ह स्पीकर, मोजणीचा एक यूएसबी माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर, एवढ्यावर मी मोजमाप केलं. ५७ च्या आसपास टेकडी स्पष्ट दिसली. तिथे ८ डेसिबलची कपात करणारा एक अरुंद फिल्टर टाकला आणि डग्ग्याची मींड सुटी सुटी ऐकू यायला लागली. बासमधलं शिखर असं कापलं की त्या जागेवर ते घुमत राहणंही कमी होतं, हा फिल्टरचा खरा फायदा.

ॲक्टिव्ह स्पीकरमध्ये हे सोपं जातं, कारण ॲम्प्लिफायर डब्यातच असतो, प्रत्येक ड्रायव्हरला बहुधा वेगळा, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये फिल्टरसाठी लागणारी डीएसपी चिपही आत असते. वेगळी पेटी लागत नाही. सोनोसने २०१५ मध्ये आयफोनचा माइक वापरून खोली मोजणारं ट्रूप्ले आणलं तेव्हा हे काम सामान्य माणसाच्या खिशात आलं.

पण फिल्टरची मर्यादाही सॅबाइनच्याच नकाशात दिसते. तीन गोष्टी बघा.

पहिली, दरी भरायला जाऊ नका. लांबीच्या बरोबर मध्यावर खुर्ची ठेवली की ४३ हर्ट्‌झ जवळजवळ गायब होतो. तो फिल्टरने १० डेसिबल वाढवला तर ॲम्प्लिफायरला दहापट ताकद लावावी लागते, आणि तरी लाटा एकमेकींना खोडतच राहतात. छोट्या ॲक्टिव्ह स्पीकरचा जीव जाईल. खुर्ची साठ-सत्तर सेंटिमीटर मागे घेतली की हेच काम फुकटात होतं.

दुसरी, फिल्टर एका जागेपुरता असतो. तुमच्या सोफ्यावर सुधारलेला बास दाराशी बिघडलेला असू शकतो. म्हणून दोन-चार जागी मोजून सरासरी घ्यावी.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची. मधल्या आणि वरच्या पट्टीतलं घुमणं फिल्टर घालवू शकत नाही. १००० हर्ट्‌झच्या लाटेची लांबी साधारण ३४ सेंटिमीटर. डोकं हातभर हललं की सगळं चित्र बदलतं. शिवाय भिंतीवरून परत येणारा आवाज स्पीकरमधून आधीच बाहेर पडलेला असतो, तो सॉफ्टवेअर परत कसा बोलावणार? फिल्टर स्पीकरला सांगू शकतो, भिंतीला नाही. तिथे सॅबाइनच्या गाद्याच लागतात.

शेवटची वर्षं

नाव झाल्यावर सॅबाइनकडे आर्किटेक्ट मंडळींची रीघ लागली. त्याने थिएटरच्या लहान प्रतिकृती करून त्यात आवाजाच्या लाटांचे चक्क फोटो काढले. राफाएल ग्वास्ताविनो धाकटे यांच्यासोबत आवाज शोषणाऱ्या टाइल्स तयार केल्या, त्या न्यूयॉर्कच्या सेंट थॉमस चर्चमध्ये बसल्या. हार्वर्डमध्ये तो डीन झाला. इलिनॉयमधल्या जिनिव्हा गावी जॉर्ज फेबियन या धनिकाने खास त्याच्यासाठी रिव्हरबँक ही ध्वनी प्रयोगशाळा बांधायला घेतली.

पण मध्ये पहिलं महायुद्ध आलं. सॅबाइन युरोपात गेला, १९१७ मध्ये पॅरिसच्या सॉरबॉनमध्ये व्याख्यानं दिली, मग दोस्त राष्ट्रांच्या विमानदलांसाठी कामाला लागला. तब्येत तेव्हाच बिघडली होती, मूत्रपिंडाचा आजार होता. अमेरिकेत परतल्यावर वॉशिंग्टनमध्ये विमानांच्या उत्पादनाचं काम आणि हार्वर्डमधलं शिकवणं, दोन्हीकडे त्याची धावपळ चालू राहिली. शस्त्रक्रिया करून घ्या असा सल्ला होता. युद्ध संपेपर्यंत नाही, असं त्याने ठरवलं होतं. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध संपलं, पण तोवर उशीर झाला होता. १० जानेवारी १९१९ रोजी तो गेला. वय फक्त ५० वर्षं.

त्याचे लेख एकत्र करून १९२२ मध्ये हार्वर्डने छापले. रिव्हरबँकची प्रयोगशाळा त्याचा दूरचा चुलतभाऊ पॉल सॅबाइन याने पुढे चालवली. ज्या हॉलपासून हे सगळं सुरू झालं, ती जुनी फॉगची इमारत १९७३ मध्ये पाडली गेली. सिंफनी हॉल मात्र आजही वाजतो आहे.

आज रात्री करून बघा

पैसे न घालता, फक्त फोन घेऊन, एवढं करता येईल:

१. पंखा बंद करा, खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. मागून येणारा टणटण आवाज किती वेळ टिकतो ते ऐका. मग पलंगावरची दुसरी गादी किंवा दुलई आणून समोरच्या उघड्या भिंतीला टेकवा आणि पुन्हा टाळी वाजवा.

२. टोन जनरेटर ॲपमधून तुमच्या स्पीकरवर ४० ते १२० हर्ट्‌झपर्यंतचे सूर सावकाश, आवाज कमी ठेवून वाजवा. कुठला सूर अचानक फुगतो आणि कुठला नाहीसा होतो, ते लिहून ठेवा. मग १७२ ला खोलीच्या लांबीने, रुंदीने आणि उंचीने मीटरमध्ये भागा. आकडे जुळताना दिसतील.

३. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा, खुर्ची मध्यावरून हलवा. यानंतरच रूम करेक्शन चालवा, आणि फिल्टर फक्त शिखरं कापतोय ना, तेवढं बघा.

क्रम हाच ठेवा. आधी जागा, मग गादी, मग फिल्टर. उलट क्रमाने गेलात तर महागडं सॉफ्टवेअर अशा कामावर झिजेल, जे कपाटातली एक दुलई फुकटात करते.